लँकेस्टर टर्नपाइक: निळ्या फलकावर न मावलेला रस्ता

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नुकतेच फिलाडेल्फियाच्या पश्चिमेच्या उपनगरात राहायला आले आहेत. रोज कामाला जाताना रूट 30 वर त्यांना निळ्या रंगावर सोनेरी अक्षरांचा एक फलक दिसतो. फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा अमेरिकेतला पहिला टर्नपाइक, म्हणजे टोल घेऊन चालवलेला रस्ता, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: हा दावा खरा आहे का, टोलच्या एका रस्त्याचं स्मारक का करावं, आणि त्या जुन्या रस्त्यातलं आज काही बघायला मिळतं का.

मी स्थापत्य अभियंता आहे. नोकरीची बहुतेक वर्षं पेनसिल्व्हेनियातल्या रस्त्यांच्या देखभालीत गेली आणि जुने रस्ते, मोऱ्या, मैलाचे दगड यांचा नाद त्यातूनच लागला. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी दाव्याचं बघू. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विधिमंडळाने 9 एप्रिल 1792 रोजी हा रस्ता बांधणाऱ्या कंपनीला सनद दिली आणि 1794-95 च्या सुमाराला 62 मैलांचा, म्हणजे साधारण 100 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. पण टोल घेणारा हा काही देशातला पहिला रस्ता नव्हे. व्हर्जिनियाने 1785 मध्येच कायदा करून अलेक्झांड्रियाकडे येणाऱ्या रस्त्यांवर टोलची फाटकं बसवायची सोय केली होती. कनेक्टिकटमध्ये न्यू लंडन ते नॉर्विच या जुन्या मोहेगन रोडवर 1792 मध्येच टोल सुरू झाला. मात्र हे दोन्ही आधीचेच मातीचे रस्ते होते, टोलच्या पैशातून त्यांची डागडुजी व्हायची. लोकांकडून भांडवल गोळा करून, स्वतंत्र आखणी करून, पूर्ण लांबीला दगडखडी अंथरून बांधलेला लांब पल्ल्याचा रस्ता म्हणाल, तर पहिला मान लँकेस्टरचाच. फलकावर शब्द मोजके असतात, तिथे ही विशेषणं गळतात. दावा खोटा नाही, अर्धा आहे, असं मी म्हणेन.

रस्त्याची गरज साधी होती. त्या काळात लँकेस्टर हे अमेरिकेतलं समुद्रापासून आतलं सर्वांत मोठं गाव मानलं जायचं. आजूबाजूला जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांच्या सुपीक जमिनी. त्यांचं गहू-पीठ आणि व्हिस्की फिलाडेल्फियाच्या बंदरात न्यायची, तर वाट एकच होती, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पडलेला जुना सरकारी रस्ता. तो मातीचा. पावसाळी दिवसांत आणि बर्फ वितळताना त्याचा नुसता राडा व्हायचा. कोनेस्टोगा खोऱ्यात बनणाऱ्या मोठ्या मालगाड्यांना, होडीसारखा बाक दिलेल्या साट्यांच्या आणि वर पांढरं कापड ताणलेल्या, चार ते सहा घोडे जुंपावे लागत. अशी गाडी चिखलात आसापर्यंत रुतली की ती निघेपर्यंत मागची सगळी रांग खोळंबायची. रस्त्याची दुरुस्ती गावोगावच्या लोकांनी वर्षातून काही दिवस वेठीसारखं काम करून करायची, अशी रीत होती. दूरच्या व्यापाऱ्याच्या गाड्यांनी उखडलेला रस्ता आपण का भरायचा, हा गावकऱ्यांचा सवाल रास्तच होता. राज्याच्या तिजोरीत पैसा नव्हता. जो रस्ता वापरेल त्याने पैसे द्यावेत, ही कल्पना या कोंडीतून आली.

कंपनीचे पहिले अध्यक्ष विल्यम बिंगहॅम, फिलाडेल्फियाचे बडे व्यापारी आणि पुढे सिनेटर. शेअर 300 डॉलरचा होता. तो काळ बघता ही रक्कम लहान नव्हती, तरीही मागणी इतकी आली की शेवटी चिठ्ठ्या टाकून शेअर वाटावे लागले. दुसऱ्या बाजूला विरोधही जोरदार झाला. खासगी कंपनीच्या नफ्यासाठी शेतकऱ्याची जमीन सक्तीने घ्यायचा अधिकार विधिमंडळाला कुणी दिला, असं लोक विचारत होते. भूसंपादनाचे वाद बघत वाढलेल्या आपल्या पिढीला हे चांगलंच ओळखीचं वाटेल.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. हा रस्ता बांधला कसा?

सनदेत 50 फूट रुंदीची जागा ठरवली होती आणि त्यातल्या किमान 21 फुटांवर टणक थर हवा होता. चढ चार अंशांपेक्षा जास्त नसावा, अशीही अट होती. आजच्या भाषेत हा सुमारे 7 टक्के चढ होतो. घोड्यांच्या काळात अशी अट कायद्यात घालणाऱ्या माणसांना भरलेली गाडी चढावर कशी दमते हे पक्कं माहीत होतं. अल्बर्ट गॅलटिन अर्थमंत्री असताना त्यांनी 1808 मध्ये रस्ते आणि कालव्यांवर अहवाल दिला, त्यात या रस्त्याचा खर्च 4,65,000 डॉलर, म्हणजे मैलाला सुमारे 7,500 डॉलर धरला आहे. दगडाचा थर मध्ये 18 इंच आणि कडेला 12 इंच.

या दोन आकड्यांजवळ थोडं थांबा. मध्ये जाड आणि कडेला पातळ म्हणजे रस्त्याला मधून दोन्हीकडे उतार, म्हणजेच कॅम्बर. पाणी रस्त्यावर थांबायचं नाही, बाजूच्या चरात जायचं. रस्ता वजनाने मरत नाही, पाण्याने मरतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य आहे आणि 1790 च्या दशकातल्या या लोकांनी ते जमिनीवर उतरवलं होतं. आज आपण हाताने खडी फोडायची वेळ विसरलो आहोत. तिथे मैलामागे मैल मोठे दगड हातोड्याने फोडून अंथरले गेले.

सुरुवात मात्र चुकली होती. जुन्या स्थानिक इतिहासांत सांगतात की पहिल्या टप्प्यात मिळतील ते मोठे दगड नुसते टाकून वर माती सारली गेली. आपल्याकडे ज्याला सोलिंग म्हणतात तेच, पण फटींत बारीक खडी आणि मुरूम न भरता. पावसाने माती धुतली, दगड उघडे पडले आणि फटींत अडकून घोड्यांचे पाय मोडू लागले. लोक खवळले. त्यानंतर बारीक फोडलेल्या खडीचे थर देऊन काम सुधारलं. कोणत्याही साइटवर ज्याने कच्चं सोलिंग बघितलं आहे त्याला यात नवल वाटणार नाही. मोठा दगड भार पेलतो, पण त्याला जागेवर धरून ठेवतो तो बारीक माल.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण अनेक माहितीफलकांवर आणि पत्रकांत तो छापलेला आहे. लँकेस्टरच्या रस्त्याला सर्रास 'मॅकॅडम रस्ता' म्हणतात. स्कॉटलंडचे रस्तेबांधणीकार जॉन मॅकॅडम यांची पद्धत मोठ्या दगडांचा पाया नाकारणारी होती. खालची जमीन कोरडी ठेवा, वर एकसारख्या आकाराची बारीक खडी द्या, गाड्यांच्या रहदारीनेच ती घट्ट बसेल, असं त्यांचं म्हणणं. वरच्या थरातला दगड सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण 170 ग्रॅमपेक्षा जड नको, असा त्यांचा आग्रह होता. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या रस्त्यांचं काम त्यांच्याकडे आलं 1816 मध्ये, लँकेस्टरचा रस्ता झाल्यावर वीस वर्षांनी. अमेरिकेत त्यांच्या पद्धतीने पहिला रस्ता 1823 मध्ये मेरीलँडमध्ये हेगर्सटाउन आणि बून्सबरो यांच्या दरम्यान झाला. तेव्हा लँकेस्टरला खडीचा रस्ता म्हणा, मॅकॅडम म्हणू नका. त्याने त्याचं मोठेपण कमी होत नाही. फ्रान्सिस बेली नावाचा इंग्रज प्रवासी 1796 मध्ये या रस्त्याने गेला आणि कडक हिवाळ्यातही न अडणारा हा रस्ता पाहून त्याने मनापासून तारीफ लिहून ठेवली. खग्रास सूर्यग्रहणात चंद्राच्या कडेला दिसणाऱ्या मण्यांना ज्याचं नाव आहे, तोच हा बेली.

टोलचे दर वाचले तर त्या काळची रहदारी डोळ्यांपुढे उभी राहते. दर 10 मैलांना 20 मेंढ्यांच्या कळपासाठी डॉलरचा आठवा हिस्सा, 20 गुरांसाठी पाव डॉलर. रुपयाच्या जुन्या हिशेबात हे दोन आणे आणि चार आणे झाले. घोडेस्वार, एका घोड्याची हलकी गाडी, चार घोड्यांची बग्गी, प्रत्येकाचा दर वेगळा. पूर्ण रस्त्यावर नऊ टोलनाके होते.

मालगाड्यांचा दर ठरवताना घोड्यांच्या संख्येबरोबर चाकाची रुंदीही मोजली जायची, आणि माझ्या मते त्या सनदेतली ही सर्वांत हुशार तरतूद. अरुंद चाकाला टोल जास्त आणि माल कमी. रुंद चाकाला टोल कमी आणि माल जास्त. हिवाळ्याच्या महिन्यांत वजनाची मर्यादा आणखी खाली यायची, कारण जमीन गोठून वितळते तेव्हा रस्ता सर्वांत नाजूक असतो. अरुंद लोखंडी धाव खडीत सुरीसारखी घुसते, रुंद धाव तीच खडी दाबून बसवते. म्हणजे ज्याची गाडी रस्ता बिघडवते त्याने जास्त भरायचं आणि ज्याची गाडी रोलरचं काम करते त्याला सवलत. आज आपण ट्रकचे अ‍ॅक्सल मोजून भार ठरवतो, त्यामागचा विचार हाच आहे.

दुसरी तरतूद मी कायम तरुण अभियंत्यांना दाखवत आलो. पेनसिल्व्हेनियाच्या या सनदांमध्ये असं होतं की रस्ता काही दिवस नादुरुस्त राहिला, तर कोणीही न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करू शकेल. दंडाधिकारी आसपासच्या जमीनमालकांपैकी निष्पक्ष माणसं नेमून पाहणी करवेल. तक्रार खरी निघाली, तर त्या भागाच्या नाक्यावरची वसुली बंद. रस्ता दुरुस्त होईपर्यंत फाटक उघडं. कंपनीला पैसे हवे असतील तर आधी खड्डे बुजवावे लागत. दरपत्रक नाक्यावर लावणं आणि दर मैलाला दगड रोवणं हीसुद्धा कंपनीचीच जबाबदारी. 230 वर्षांपूर्वीच्या एका करारात ग्राहकाच्या हाती दिलेला हा अधिकार बघितला की मला दर वेळी वाटतं, फलकावर 'पहिला' या शब्दाऐवजी ही एक ओळ लिहायला हवी होती. रस्ता बांधणं अवघड असतंच, पण पुढची पन्नास वर्षं तो राखायचा कोणी, आणि न राखल्यास काय, हे लिहून ठेवणं त्याहून अवघड. स्मारक का करावं या तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे.

रस्ता चालला की वस्ती आलीच. मैलामैलावर खानावळी आणि उतारूंच्या जागा उभ्या राहिल्या. त्यांच्यातही पायऱ्या होत्या. टपालगाड्यांचे प्रवासी उतरायचे त्या जागा प्रतिष्ठित. मालगाडीवाल्यांच्या वेगळ्या, तिथे रात्री शेकोटीभोवती जमिनीवर आपापल्या पथाऱ्या पडायच्या. गुरं-मेंढ्या हाकत येणाऱ्यांसाठी कुंपणाचं आवार असलेल्या आणखी वेगळ्या. पाओली हे आजचं रेल्वे स्थानक अशाच एका खानावळीमुळे त्या नावाचं झालं, आणि खानावळीला नाव होतं कॉर्सिकाच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या सेनानी पास्काल पाओली यांचं.

उतरण लागली ती रेल्वेने. फिलाडेल्फिया ते पेनसिल्व्हेनियातलंच कोलंबिया गाव हा लोहमार्ग 1834 मध्ये सुरू झाला आणि लांबचा माल भराभर तिकडे वळला. लँकेस्टरच्या कंपनीने सुरुवातीला भागधारकांना चांगला लाभांश दिला होता. तिच्याकडे बघून शेकडो कंपन्या निघाल्या, त्यातल्या बहुतेकांच्या भागधारकांना फारसं काही मिळालं नाही. टोल चुकवण्यासाठी लोक नाक्याला वळसा घालणाऱ्या आडवाटा पाडायचे, तो तोटा वेगळाच. फिलाडेल्फियाकडच्या टोकाचा भाग 1880 मध्ये रेल्वेतले मोठे अधिकारी अलेक्झांडर कॅसॅट यांनी घेतला आणि नव्या उपनगरांसाठी तो नीट राखला. तिथला टोल विसावं शतक उजाडल्यावरही चालू होता. राज्याने तो भाग विकत घेतला 1917 मध्ये. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारा लिंकन हायवे 1913 मध्ये जाहीर झाला तो याच वाटेने, आणि 1926 मध्ये तिला रूट 30 हा क्रमांक मिळाला. एक खुलासा करून ठेवतो: 1 ऑक्टोबर 1940 ला सुरू झालेला पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा अगदी वेगळा रस्ता. ई-झेडपास (टोल आपोआप कापणारं उपकरण) लावून तुम्ही ज्यावरून जाता तो हा, आणि फलकाचा त्याच्याशी संबंध नाही.

आता फलकाबद्दल. पेनसिल्व्हेनियात असे फलक लावायचं काम 1914 पासून चालू आहे. आधी ते दगडांवर बसवलेले कांस्याचे पत्रे असायचे. तुम्ही पाहिलेला निळा-सोनेरी ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा प्रकार 1946 पासूनचा. अशा फलकांची संख्या राज्यात 2,000 च्या वर गेली आहे. त्यांचे दोन आकार असतात. शहरात पायी चालणाऱ्यांसाठी लहान अक्षरांचा आणि जास्त मजकुराचा, महामार्गावर मोटारीतून वाचण्यासाठी मोठ्या अक्षरांचा आणि अगदी थोड्या मजकुराचा. वेगात जाताना माणूस वाचून वाचून किती वाचणार? विशेषणं गळतात ती यामुळे. दुसरं म्हणजे फलक जिथे उभा आहे तिथेच काही घडलं असं समजू नका. खांबाला जागा हवी, गाड्यांची दृष्टी अडायला नको, खालून जाणाऱ्या नळवाहिन्या चुकवायच्या, बाजूच्या मालकाची हरकत नको. हे सगळं जमेल तिथे तो रोवतात. 62 मैलांच्या रस्त्याला तर नेमकी जागा अशी नसतेच.

काय बघायचं? मैलाचे दगड. लँकेस्टर अ‍ॅव्हेन्यूच्या कडेला, कधी हिरवळीत तर कधी एखाद्या दुकानाच्या भिंतीलगत, गुडघ्याएवढे दगड अजून उभे आहेत. फिलाडेल्फियाचं अंतर मैलांत आणि पुढे इंग्रजी 'पी' हे अक्षर. अक्षरं झिजली आहेत, दुपारच्या उन्हात दिसतच नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना जा आणि बाजूने बघा, टाकीचे घाव सावलीने उठून दिसतात. खडूने किंवा कोळशाने अक्षरं घासू नका, तारेच्या ब्रशने तर अजिबात नको. शेवाळ असेल तर असू द्या. एखादा दगड कलंडलेला किंवा मोटारीने उडवलेला दिसला तर हात न लावता फोटो काढा आणि तिथल्या नगरपालिकेला किंवा काउंटीच्या इतिहास संस्थेला कळवा. बर्फ उपसणाऱ्या नांगरांनी आणि रुंदीकरणाने या दगडांचं जितकं नुकसान केलं आहे तितकं वाऱ्यापावसाने केलेलं नाही.

नावांनी फसू नका. लँकेस्टर काउंटीत रूट 340 ला 'ओल्ड फिलाडेल्फिया पाइक' म्हणतात, आणि मोटारी न वापरणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांच्या घोडागाड्या बघायला जाणारे पर्यटक तोच टर्नपाइक समजतात. तो खरं तर आधीचा सरकारी रस्ता, ज्याला कंटाळून टर्नपाइक बांधला तो. टर्नपाइक गेला दक्षिणेकडून, आजच्या रूट 30 ने, गॅप आणि पॅराडाइज या गावांवरून. दोन्ही रस्त्यांवरून गाडी चालवून बघा. जुना रस्ता शेतांच्या आणि चढउतारांच्या कलाने जातो, टर्नपाइक लांबच लांब सरळ रेघा ओढतो. ती चार अंशांची अट गाडी चालवतानाही जाणवते.

आपल्याकडचा दुवा विचारणार असाल तर बोरघाट आहे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 10 नोव्हेंबर 1830 रोजी चाकांच्या गाड्यांसाठी हा घाटरस्ता खुला केला, आणि कोकण व देश यांच्यामधली भिंत पडली अशा अर्थाचं त्यांनी तेव्हा लिहिलं. तिथेही टोल होता. फरक मालकीचा आहे: बोरघाट ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने बांधला, लँकेस्टर भागधारकांनी. घाटात टोल घेण्याची चाल मात्र आपल्याकडे फार जुनी, नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणूनच लोक दाखवतात.

एका रविवारी हे सगळं करायचं असेल तर माल्व्हर्नजवळच्या जनरल वॉरन इनपासून सुरुवात करा. 1745 ची ही वास्तू टर्नपाइकच्याही आधीची, आणि तिच्यासमोरचा जुना रस्ता आजच्या महामार्गापासून बाजूला पडल्यामुळे रुंदीकरणातून वाचला आहे. तिथे पायी चालता येतं आणि मूळ रस्त्याच्या रुंदीचा अंदाज येतो. मग रूट 30 ने पश्चिमेला गॅपपर्यंत जा, पॅराडाइज ओलांडा आणि परत येताना 340 धरा. रूट 30 वर बऱ्याच ठिकाणी थांबायला साइडपट्टी नाही, तेव्हा फलक किंवा दगड दिसला की पुढच्या पार्किंगमध्ये गाडी लावून चालत मागे या.

तुमच्या घराजवळ मैलाचा दगड असेल आणि त्यावरचा आकडा लागत नसेल, तर फोटो आणि सर्वांत जवळच्या चौकाचं नाव इथे टाका. फिलाडेल्फियापासूनचं अंतर मोजून तो कितवा ते बहुतेक वेळा सांगता येतं.